डोळे हलतात म्हणून विमानाचं काम बंद? पेडण्याच्या एका पोराचं प्रकरण

गोव्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि तेव्हापासून पेडणे, डिचोली, बार्देश, तिकडे दोडामार्ग सावंतवाडीपर्यंतची पोरं एव्हिएशनचं नाव घ्यायला लागली, आणि घ्यायलाच पाहिजे, एवढं मोठं काम घराजवळ आलंय. मी म्हापशाला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचे नंबर काढणं, डोळ्यांच्या हालचाली तपासणं, काही वेगळं दिसलं की डॉक्टरांकडे पाठवणं हे माझं रोजचं काम. मेडिकलच्या, म्हणजे विमानाच्या कामासाठी लागणाऱ्या तब्येतीच्या तपासणीच्या, आधी डोळे दाखवायला येणारी पोरं आता वाढलीत आणि त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण याच्या बाबतीत जे झालं ते अजून कितीतरी घरांत होत असणार. पोराची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतलीय, नाव गाव देत नाही, पेडणे तालुक्यातला एवढं पुरे.

बारावी सायन्स झालेला, फिजिक्स मॅथ्स पक्कं, वडिलांची टॅक्सी, आई अंगणवाडीत. जन्मापासून, म्हणजे आईच्या आठवणीप्रमाणे तीन एक महिन्यांचा असल्यापासून, त्याचे दोन्ही डोळे डावीउजवीकडे हलतात. सतत. तो थांबवू शकत नाही आणि त्याला ते हलतायत हे कळतही नाही, त्याला समोरचं जग स्थिरच दिसतं. याला निस्टॅग्मस म्हणतात. आणि या पोराला व्हायचं होतं पायलट.

घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली, थोडी काजूची बागायत आहे ती गहाण टाकायची तयारी, आणि एका फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशी केली तर त्यांनी रीतसर सांगितलं की आधी क्लास टू मेडिकल करून या. हा सल्ला अगदी बरोबर होता, सगळ्यांनी हेच करावं, फी भरायच्या आधी मेडिकल. पण मेडिकलच्या आधी नुसतं विचारून येऊ म्हणून ते ज्या डॉक्टरांकडे गेले तिथे त्यांनी पोराच्या डोळ्यांकडे बघितलं आणि वडिलांसमोरच विचारलं, "दारू पितोस का? फिट्सच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का?" तो नाही म्हणाला. त्यावर "डोळे असे हलतायत आणि पायलट कसला होतोस, दुसरं काहीतरी बघ" एवढं बोलून विषय संपला. तक्ता वाचायला लावला नाही, नंबर बघितला नाही, कधीपासून आहे हेसुद्धा विचारलं नाही. पोरगा घरी आला आणि त्यानंतर महिनाभर कोणाशी नीट बोलला नाही असं आईने मला सांगितलं. "ताई, डोळ्यांचं जाऊ दे, त्याला दारूडा म्हटलेलं लागलं हो त्याच्या मनाला."

आता तो प्रश्न विचारणं चुकीचं होतं का, तर नाही, आणि हे मी त्या घरच्यांनाही समजावून सांगितलं. दारूने डोळे असे हलू शकतात, फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांनी हलतात, कानाच्या आतल्या बॅलन्सच्या भागात बिघाड असेल तर हलतात, लहान मेंदूचा आजार असेल तरी हलतात. आणि यातलं काहीही आकाशात असलेल्या माणसाला होणं म्हणजे सरळ धोका. त्यामुळे एव्हिएशनच्या डॉक्टरने निस्टॅग्मस बघितला की सगळ्यात आधी हा नवीन आहे की जुना हेच शोधायला पाहिजे. वाईट एवढंच झालं की प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबले नाहीत. जन्मापासूनचा आणि मोठेपणी झालेला निस्टॅग्मस या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मोठेपणी झालेल्यात माणसाला जग हलताना दिसतं, चक्कर येते, तो स्वतःच घाबरून डॉक्टरकडे धावतो. जन्मापासूनच्यात मेंदू त्या हालचालीसकटच बघायला शिकलेला असतो.

आणि डोळे हलणं हा प्रकार एवढा परकाही नाही. कोकण रेल्वेत खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे कधी नीट बघा. झाडं, खांब मागे पळतात तसे डोळे त्यांच्यामागे हळू सरकतात आणि झटकन परत येतात, परत सरकतात, परत झटका. तोही निस्टॅग्मसच, प्रत्येकाला होतो, आणि पेडण्याच्या बोगद्यात गाडी शिरली की बघायला काही उरत नाही म्हणून थांबतो. या पोराचा थांबत नाही एवढाच फरक. ब्रिटनमध्ये लेस्टरशायर भागात झालेल्या एका पाहणीत दर दहा हजार माणसांत साधारण २४ जणांना निस्टॅग्मस निघाला होता, सगळे प्रकार धरून. म्हणजे आपल्या एका तालुक्यात काही डझन माणसं असणार, फक्त ती मान वाकडी करून कुठेतरी कोपऱ्यात बसलेली असतात.

मान वाकडी का, तर हलणाऱ्या डोळ्यांची एक अशी दिशा असते जिथे हालचाल सगळ्यात कमी होते, तिला नल झोन म्हणतात. याची नल डावीकडे बघताना आहे. म्हणून समोरचं नीट वाचायचं असेल तर तो चेहरा उजवीकडे वळवतो आणि डोळे डावीकडे ठेवतो. शाळेत सगळी वर्षं "सरळ बघ", "फळ्याकडे तोंड कर" ऐकलं पोराने. एकाही सरांच्या लक्षात आलं नाही की तो फळाच बघतोय, आणि त्याच्या परीने सगळ्यात चांगला बघतोय. त्याला वर्गाच्या उजव्या बाजूला बसवलं असतं तर मान न वळवता फळा आपोआप त्याच्या डावीकडे आला असता. हे एवढं साधं आहे, म्हणून ज्या शिक्षकांपर्यंत हे पोचेल त्यांनी प्लीज लक्षात ठेवा.

पहिल्या भेटीत मी त्यांना सांगितलं की जुने फोटो घेऊन या. आई अख्खा अल्बम घेऊन आली. बारशाचा, शाळेच्या गॅदरिंगचा, मुंजीचा, आणि चतुर्थीचा दर वर्षीचा, गणपतीसमोर माटोळीखाली सगळी भावंडं ओळीने उभी. प्रत्येक फोटोत याचा चेहरा उजवीकडे वळलेला आणि डोळे कोपऱ्यात. दोन वर्षांचा असताना तसाच, दहा वर्षांचा असताना तसाच. मी ते फोटो वर्षाप्रमाणे लावले आणि मोबाईलवर कॉपी काढून फाईलला लावायला सांगितल्या, कारण हा निस्टॅग्मस जुना आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठल्या मशीनमधून निघत नाही. आईच्या मामाचेही डोळे असेच होते हे तेव्हाच बोलता बोलता निघालं. आईकडून मुलाकडे जाणारा हा प्रकार माहितीतला आहे, २००६ मध्ये एफआरएमडी७ नावाचं जीन त्यासाठी सापडलं, ते एक्स क्रोमोसोमवर असतं म्हणून पुरुषांत जास्त दिसतं. याची जीन टेस्ट केलेली नाही, त्यामुळे तेच आहे असं मी म्हणत नाही, पण घरातला इतिहास जुळतो.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पडदा बघितला, मधल्या भागाचा स्कॅन केला, बुबुळातून उजेड आरपार जातो का ते बघितलं कारण अल्बिनिझममध्ये असं होतं, रंगांची इशिहारा टेस्ट केली. सगळं नॉर्मल. वर बघायला लावलं तरी हालचाल आडवीच राहिली, हीसुद्धा जन्मापासूनच्या प्रकाराची खूण. त्यांनी स्पष्ट लिहून दिलं की जन्मजात, न वाढणारा, दुसरा आजार नाही. वडिलांनी ऑपरेशनचं विचारलं. स्नायूंची जागा बदलून नल समोर आणणारं ऑपरेशन असतं, केस्टनबाऊम अँडरसन नावाचं, १९५३ पासून माहीत आहे, पण ते मुख्यतः मान सरळ करण्यासाठी, त्याने नजर वाढेलच असं कोणी लिहून देत नाही, आणि याची मान तशी थोडीच वळते म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. लेझरने चष्मा घालवला की डोळे थांबतील असं कोणीतरी गावात सांगितलं होतं. नाही थांबत. त्राटक, गाजर, कसले कसले थेंब, यानेही नाही.

आता माझ्या कामाचा भाग, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं.

त्याचा चालू चष्मा बघितला तर त्यात सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसते त्यासाठीचा नंबर, अगदी कमी. निस्टॅग्मसच्या माणसांना बहुतेक वेळा सिलिंडर जास्त असतो. ऑटोरिफ्रॅक्टरवर, म्हणजे नंबर काढायच्या मशीनवर, बसवलं तर मशीन प्रत्येक वेळी वेगळा आकडा दाखवतं, बिचाऱ्या मशीनला हलणारा डोळा पकडताच येत नाही, आणि आधीच्या दुकानात त्यातलाच एक आकडा घेऊन चष्मा बनवला होता. मी त्याला त्याच्या नलमध्ये बघायला सांगून हाताने रेटिनोस्कोपी केली, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढला, वेळ लागला, पण सिलिंडर नीट सापडला. नवीन नंबरने दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान हवी तशी वळवू देऊन, ६/९ ची ओळ वाचली, म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला नऊ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून दिसलं; ६/६ म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा मोठा तेवढी नजर कमी. पोराने चष्म्याची ट्रायल फ्रेम हाताने धरून परत परत तीच ओळ वाचली.

मग एकेक डोळा. इथे नेहमीची पद्धत म्हणजे एक डोळा काळ्या झाकणाने झाकायचा. तसं केलं आणि उघड्या डोळ्याची हालचाल एकदम वाढली, ६/१८ च्या पुढे जाईना, दोन्ही बाजूंना तेच. हा त्याच्या प्रकारातला भाग आहे, एक डोळा पूर्ण झाकला की निस्टॅग्मस भडकतो. म्हणजे ती टेस्ट नेहमीची नजर मोजतच नाही, झाकल्यामुळे बिघडलेली नजर मोजते. यावर उपाय जुना आणि सोपा आहे, झाकायचं नाही, त्या डोळ्यासमोर जास्त प्लसची भिंग ठेवायची म्हणजे उजेड आत जातो, डोळ्याला वाटतं मी उघडाच आहे, पण अक्षरं धुरकट झाल्यामुळे वाचतो मात्र दुसराच. याला फॉगिंग म्हणतात. फॉगिंग करून, घाई न करता, उजवा ६/९ पी आला म्हणजे ओळीतली एक दोन अक्षरं चुकली, डावा ६/१२. जवळचं एन५, म्हणजे अगदी बारीक अक्षरं, आरामात, कारण जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याने हालचाल बरीच शांत होते.

एकच मुलगा, एकाच खोलीत, एका पद्धतीने ६/१८ आणि दुसऱ्या पद्धतीने ६/९ आणि ६/१२. आणि मेडिकलच्या टेबलावर जर टेन्शन असेल, मागे रांग असेल, कोणी "लवकर वाच" म्हणत असेल तर आकडा अजून खाली जाणार, कारण टेन्शनने निस्टॅग्मस वाढतो. म्हणून मी प्रत्येक घरच्यांना सांगते की नंबर कितीय एवढंच विचारू नका, कसा मोजला ते लिहून घ्या.

आता हे आकडे विमानाच्या नियमांसमोर ठेवू. आयकाओ म्हणजे जगाची नागरी विमान संघटना, तिच्या अ‍ॅनेक्स १ मध्ये मेडिकलचे तीन वर्ग आहेत आणि आपलं डीजीसीए, म्हणजे भारताचं नागरी विमान खातं, त्याच चौकटीत चालतं. क्लास वन कमर्शियल पायलटसाठी, चष्म्यासह चालतं, पण प्रत्येक डोळा वेगवेगळा ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ पाहिजे. क्लास टू, म्हणजे स्वतःपुरतं उडवणाऱ्या खाजगी पायलटसाठी, त्यात प्रत्येक डोळा ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९. क्लास थ्री म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, तिथे परत ६/९ आणि ६/६.

आमच्या पोराचे आकडे बघा, क्लास टू च्या रेषेवर बरोबर उभे आहेत आणि क्लास वनच्या खाली. दोन्ही डोळ्यांनी ६/६ त्याला येत नाही, चांगल्यातल्या चांगल्या दिवशी पण नाही. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. एअरलाइनचा पायलट होण्याच्या आशेवर बागायत गहाण टाकू नका, असं वडिलांना सांगितलं. नियमात एक वाट आहे, मानक पूर्ण होत नसलं तरी तज्ज्ञ डॉक्टरांनी सगळं तपासून उड्डाणाला धोका नाही असा निष्कर्ष दिला तर लायसन्स मिळू शकतं, पण या वाटेवर घराचा पैसा लावायचा नसतो. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण आकड्यांवर मिळालेला नकार आणि डोळ्यांकडे नुसतं बघून केलेला अपमान यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक त्याला कळला हे मला दिसलं, कारण त्या दिवशी तो खाली मान घालून गेला नाही, उलट प्रश्न विचारत बसला.

त्याचा पहिला प्रश्न, "मग मॅडम, एटीसी?" हे सगळेच विचारतात, पायलट नाही तर टॉवरमध्ये बसू. कागदावर नजरेचं माप पायलटएवढंच आहे, वर एअरपोर्ट अथॉरिटीच्या भरतीला फिजिक्स मॅथ्सची बीएससी किंवा इंजिनिअरिंग लागतं. दाबोळीला तर ट्रॅफिक कंट्रोल नेव्हीकडे आहे. त्यामुळे तो दरवाजा सोपा आहे असं समजू नये.

नजरेच्या आकड्याबाहेरही एक गोष्ट आहे जी मला महत्त्वाची वाटते आणि ती मेडिकलच्या तक्त्यात येत नाही. निस्टॅग्मसच्या माणसाला दिसतं, पण दिसायला वेळ लागतो. डोळा हलता हलता जेवढा क्षण स्थिर होतो तेवढ्यातच मेंदू बघून घेतो. तक्त्यासमोर हा वेळ मिळतो, आकाशात बाहेर बघून आत मीटरवर नजर टाकून परत बाहेर बघायचं तेव्हा मिळेलच असं नाही. अमेरिकेच्या एफएए ची, म्हणजे तिकडच्या विमान खात्याची, डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिका याबाबतीत मला समजूतदार वाटते. नवीन निस्टॅग्मस असेल तर सर्टिफिकेट अडवा, खूप वर्षांचा आणि न वाढलेला असेल तर नजरेवर त्याचा काय परिणाम आहे तेवढं बघा, आणि हेही ध्यानात ठेवा की विमानातल्या वेगबदलाच्या ताकदीने आणि कमी उजेडाने तो वाढू शकतो. म्हणजे दार बंदही नाही आणि सताड उघडंही नाही. मला हे पटतं.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. विमानतळावर कोणकोणती कामं आहेत आणि त्यात डोळे नेमके काय करतात. आयकाओच्या नियमात मेडिकलची अट उडवणाऱ्यांना आणि कंट्रोलरना आहे, मेंटेनन्स इंजिनिअर आणि फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाची आखणी करणारा, यांना तशी नाही, कंपनी स्वतःची तपासणी घेते ती वेगळी. मेंटेनन्समध्ये जवळचं काम भरपूर, ते याच्या फायद्याचं, पण रात्रपाळी, टॉर्चच्या उजेडात पंखाखाली वर बघून भेग शोधायची, तिथे मला शंका होती. ड्रोनचं त्याच्या मित्राने सुचवलं, पण लांब आकाशात तो ठिपका डोळ्याने धरून ठेवणं हेच याचं सगळ्यात कमकुवत काम. डिस्पॅचरचं मात्र जुळत होतं. हवामान वाचायचं, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना बघायच्या, इंधनाचा हिशोब, पर्यायी विमानतळ कुठला, सगळं स्क्रीनवर, हाताच्या अंतरावर, आणि आकाशापेक्षा बराच जास्त वेळ हाताशी.

तो पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन आला आणि मोपाचं हवामान कसं लिहितात ते दाखवलं. व्हीओजीए म्हणजे मोपाचा कोड, मग तारीख वेळ, मग २५०१४केटी, २५००, आरए, बीकेएन००८, असं एका ओळीत चिकटून. वारा २५० अंशांवरून १४ नॉट, दिसतंय २५०० मीटर, पाऊस, ८०० फुटांवर ढग. पावसाळ्यात आमच्याकडे रोजचंच. मी त्याला अशा ओळी वाचायला लावल्या आणि घड्याळ लावलं. अर्थ सगळा पाठ होता त्याला, पण एका ठिकाणी ००८ चं त्याने ०८० वाचलं. म्हणजे ८०० फुटांवरचे ढग थेट ८००० फुटांवर. त्याने स्वतःच पकडलं, चेहरा उतरला. हे निस्टॅग्मसमध्ये होतंच, चिकटलेली अक्षरं एकमेकांत मिसळतात, सुटं अक्षर याच मापाचं असेल तर तो बरोबर वाचतो. मग आम्ही अक्षरांमधलं अंतर वाढवलं, ओळीमधली जागा वाढवली, काळ्यावर पांढरं केलं, आणि स्क्रीन समोरून उचलून त्याच्या डावीकडे ठेवली म्हणजे मान सरळ आणि डोळे आपोआप नलमध्ये. आणि एक सवय, ढगांचे आणि इंधनाचे आकडे कर्सर खाली ठेवून एकेक आकडा मोठ्याने म्हणायचा, शून्य शून्य आठ. असं केल्यावर तो आकडा परत उलटा झाला नाही. त्याची मानही दुखायची थांबली, हे त्याने काही दिवसांनी फोन करून सांगितलं, बारावीपर्यंत अभ्यास म्हणजे मान दुखणारच असं तो धरून चालला होता.

मध्ये वडिलांनी विचारलं की अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का, कुठे कोटा वगैरे. २०१६ च्या कायद्यात कमी दृष्टीची व्याख्या चांगल्या डोळ्याने चष्म्यासकट ६/१८ पेक्षा कमी अशी धरतात. याची नजर त्याहून कितीतरी चांगली आहे. म्हणजे क्लास वनला कमी आणि सर्टिफिकेटला जास्त. या मधल्या पट्टीतल्या पोरांसाठी कोणाकडेच काही नसतं, ना सवलत ना सल्ला, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. परीक्षेत थोडा जास्त वेळ आणि मोठी अक्षरं एवढ्याने यांचं आयुष्य बदलतं.

सध्या तो मोपाला एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत लागलाय. फॉर्ममध्ये डोळ्यांचं त्याने स्वतःहून लिहिलं आणि इंटरव्ह्यूत आपल्या फाईलमधला रिपोर्ट पुढे केला. आधी सामानाच्या पट्ट्यावर होता, आता लोड शीटच्या टेबलावर, कुठल्या होल्डमध्ये किती वजन, विमानाचा तोल कुठे येतो, त्या आकड्यांवर. सुपरवायझरने त्याला डावीकडे स्क्रीन ठेवायला दिली, एका शब्दाने विचारलं नाही का म्हणून. एअरसाइडवर गाडी चालवायचं त्याने सध्या घेतलेलं नाही. साध्या लायसन्सच्या फॉर्म १ मध्येच २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का असा प्रश्न आहे, उजेडात तो वाचतो, पण रात्री ओल्या अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवर, दिव्यांच्या चकाकीत, बाजूला विमान, ते त्याने स्वतःच नको म्हटलं. मला त्याचा हा निर्णय फार आवडला. डिस्पॅचरच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, त्यासाठी पुढे मुंबई किंवा दिल्लीकडे जावं लागेल, आई अजून तयार नाही.

क्लास टू चं अजून ठरलेलं नाही. त्याला निदान एकदा स्वतः उडवायचंय, पीपीएल म्हणजे खाजगी पायलटच्या लायसन्सपुरतं, पगारातून साठवून, घरच्यांचा पैसा न घेता. वडील म्हणतात परत अपमान कशाला. मी म्हणते फॉर्म भरावा. नजर रेषेवर आहे, डॉक्टर नाही म्हणू शकतात आणि त्यांच्याकडे नाही म्हणायला खरं कारणही असेल, पण या वेळी त्याच्याकडे फाईल आहे. वर्षाप्रमाणे लावलेले फोटो, डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र, माझा रिपोर्ट ज्यात झाकून किती आणि फॉगिंग करून किती हे दोन्ही आकडे लिहिलेत, आणि एक छोटी विनंती की एकेक डोळा तपासताना फॉगिंग करावं आणि वाचायला वेळ द्यावा. जुन्या आजारांच्या रकान्यात जन्मापासून निस्टॅग्मस असं साफ लिहायचं, लपवायचं काहीच नाही. आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यायची, कारण दमला की हालचाल वाढते, त्यामुळे रात्रपाळी करून थेट तपासणीला जायचं नाही. आणि दारूचा प्रश्न परत आला तर रागवायचं नाही, नाही म्हणायचं आणि अल्बम पुढे करायचा.